हात घालून बघा

६ जुलै २०२५, रविवार

ही वही मुळात शरीररचनेची. पुढून वीसेक पानं घोड्याची, गायीची, डुकराची हाडं शेजारीशेजारी काढलेली आहेत. पशुवैद्यकीच्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही तुलनेशिवाय दुसरं केलंच काय? कोणाला फासळ्या किती, कोणाला पित्ताशयच नाही. आता तिसरं वर्ष लागलं आणि वही उरली, म्हणून मागून सुरू करते. आई हाडं बघितली की वही मिटते, त्यामुळे खासगी लिहायला यापेक्षा सुरक्षित जागा नाही.

आज गावानं कुत्रं मारलं. सकाळी त्यानं गायरानात नंदाबाईच्या तीन शेळ्या फाडल्या. एकीचं आतडं बाहेर लोंबत होतं आणि ती तशीच चालत होती. मग दहा-पंधरा माणसं काठ्या घेऊन धावली. पहिला दणका अण्णांचा, माझ्या बापाचा, पाठीवर बसला. कुत्रं पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत बाभळीपर्यंत गेलं, तिथं त्याला सगळ्यांनी घेरलं. जबडा मोडला तेव्हा कडकन आवाज झाला. मेल्यावरही लोक मारतच होते. ज्यांना आधी जागा मिळाली नव्हती ते पुढं सरून मारत होते. मी मनात हाडांची नावं घेत उभी राहिले. भीती वाटली की मी नावं घेते.

संध्याकाळी आमच्या शिंगऱ्या बैलाच्या नाकपुडीवर ओरखडा दिसला. अण्णा म्हणाले, "कुंपनाच्या तारेचं लागलंय." मीही मान डोलावली. धुळाजीमामांनी हळद-तेल लावलं.

८ जुलै

उद्या परभणीला निघायचं, कॉलेज सुरू.

धुळाजीमामांबद्दल एकदा लिहून ठेवायला हवं. मी डॉक्टर व्हायला निघाले ती त्यांच्यामुळं. अण्णांना वाटतं आपल्यामुळं, पण ते असो. मामा पूर्वी मेंढ्या घेऊन जालना-परभणी पालथं घालायचे. पंधरा वर्षांपासून मात्र आमच्याच शेताच्या कडेला पत्र्याच्या घरात बायनामामींसोबत राहतात. स्वतःच्या तीस मेंढ्या आहेत, शिवाय आमच्या जनावरांचं सगळं तेच बघतात. आमच्या गावापासून वाटूर फाट्यापर्यंत कुणाची गाय अडली तर माणूस आधी मामांकडे येतो. त्यांचा हात बारीक आहे, एखाद्या बाईचा असावा तसा. मी सात वर्षांची असताना एका मेंढीचं कोकरू पाय दुमडून अडकलं होतं. मामांनी डोळे मिटून हात आत घातला, पाय सरळ केला आणि कोकरू ओढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "घे, तुझं पेशंट," म्हणाले. त्या दिवसापासून माझं ठरलं.

मला डॉक्टरीनबाई म्हणणारा जगात सध्या तेवढा एकच माणूस आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

दुपारी मेसमध्ये असताना अण्णांचा फोन.

"शिंगऱ्यानं कालपासून वैरणीला तोंड लावलं न्हाई. लाळ गळून राह्यली. मान लांब करून वरडून राह्यला, पन आवाज बसल्यावानी. काय करावं?"

मला इतका आनंद झाला की लिहायची लाज वाटते. अण्णांनी आजवर मला जनावराबद्दल एक शब्द विचारला नव्हता. समोर माझी खोलीतली मैत्रीण बेबीनंदा बसली होती, तिलाही ऐकू जावं अशा आवाजात मी सांगितलं, "घशात काहीतरी अडकलंय. मक्याचं कणीस असेल. हात घालून बघा."

"सरकारी डॉक्टरला बोलवू का?"

"रविवारी ते कुठं सापडतील? हात घालून बघा, पार जिभेच्या मुळापर्यंत. जल्दी करा, नाहीतर श्वास कोंडेल."

तासाभरानं परत फोन. "हात घातला. पार कोपरापर्यंत. काही न्हाई घशात. दात लागले जरासे, बाकी काही न्हाई."

कोपरापर्यंत! अण्णांचा हात म्हणजे फावडं. तो गेला कसा याचं नवल वाटलं, पण शिंगऱ्याचं तोंडही काही लहान नाही.

बेबीनंदा म्हणाली, "अगं, आपल्याला हे अजून शिकवलं तरी आहे का?"

"शिकवल्यावर काय, कोणीही सांगेल," मी म्हणाले.

१९ ऑगस्ट

काल सकाळच्या गाडीनं परतूरला उतरले, तिथून जीपनं घरी. येते तर गोठ्यात रणकंदन.

शिंगऱ्यानं दावं तोडलं होतं. गव्हाण फोडली, पत्र्यात शिंग खुपसून पत्रा फाडला आणि तांबी गायीच्या वासराच्या पोटात शिंग घातलं. वासरू तसंच भिंतीला टेकून उभं होतं, मग घसरून बसलं. पाच माणसांनी दोर टाकले. अण्णांच्या हातातून दोर सरकला तशी तळव्याची सालटी निघाली. शिंगऱ्या दिसेल त्याच्यावर धावत होता, खुंटाच चावत होता, दात मोडून रक्त येत होतं तरी खुंटा सोडत नव्हता. आणि तो आवाज. बैल असा ओरडत नाही. कुणीतरी नरडं दाबून धरलंय आणि तो त्यातून ओरडतोय, असा.

धुळाजीमामांनी डाव्या हातानं पायात फास टाकला. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली.

"हाताला काय झालं मामा?"

"डॉक्टरीनबाईच्या हुकुमाचं हाय," म्हणाले आणि हसले. मी विचारणार होते कसला हुकूम, तेवढ्यात शिंगऱ्यानं आणखी एक दोर तोडला.

आज सकाळी त्याचे मागचे पाय गेले. बसल्या जागेवरून तो डोकं फेकत होता आणि माणसं लांबून काठ्यांनी त्याचं डोकं खाली दाबत होती. दाबता दाबता मारत होती. अण्णाही मारत होते. तोंडानं "माझ्या राजा, माझ्या राजा" म्हणत होते आणि काठी हाणत होते. आठ वर्षं त्या बैलानं आमचं शेत नांगरलं. दुपारी मेला.

मला त्याला उघडून बघायचं होतं. अण्णा म्हणाले, "पोळा तीन दिवसांवर आला अन् बैलाचं पोट फाडती का?" आई रडायला लागली. मीही फार अडून बसले नाही. जेसीबीनं खड्डा खणून पुरला. गाव म्हणतं नजर लागली, मी म्हणते विषारी काहीतरी खाल्लं. दोन्ही मतांना पुरावा सारखाच आहे, म्हणजे नाही.

४ सप्टेंबर

आज भर वर्गात माझी शोभा झाली.

आम्हाला रोगनिदान शिकवणारे धर्मराज सर म्हणजे लाल पेनाचा माणूस. जनावराचा इतिहास आधी कच्च्या वहीत मालकाच्या भाषेत, मराठीत लिहायचा हा त्यांचा नियम. एका म्हशीबद्दल मी लिहिलं होतं, 'दोन दिवसांपूर्वी गूळ-तेल पाजण्यात आले.' सरांनी वही सगळ्यांना दाखवली.

"पाजण्यात आले! आभाळातून आले का? कोणी पाजलं? नळी कोणी धरली, मुंडी कोणी वर केली? तेल फुफ्फुसात उतरलंय, म्हैस मरायला टेकलीय, आणि अर्पिताबाईंच्या वाक्यात माणूसच नाही. अहो, शेतकरी माणूस गाळतो कारण त्याला लाज वाटते. तुम्ही कशाला गाळता?"

सगळे हसले. बेबीनंदासुद्धा. मला त्या माणसाचा इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नीट लिहिते.

आज सरांनी रेबीज घेतला. कुत्रा, मांजर, घोडा, गाय, माणूस, प्रत्येकात तो कसा दिसतो याचा तक्ता फळ्यावर. गायबैलाच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे जनावर नेहमी कुत्र्यासारखं पिसाळून दाखवत नाही. खाणं सोडतं, लाळ गाळतं, गिळता येत नाही, आवाज बसतो. घशात काही अडकल्यासारखं दिसतं. आणि मग एखादा शहाणा म्हणतो, हात घालून बघा."

वर्ग हसला. मीही हसले. आधी हसले आणि मग मला ऐकू आलं.

नाकपुडीवरचा ओरखडा. गायरानातलं कुत्रं. सहा आठवडे. सगळं बरोबर बसतं, तक्त्यात बसावं तसं.

बाहेर येऊन फोन लावला. "अण्णा, शिंगऱ्या पिसाळलेला होता. ते कुत्रं पिसाळलेलं होतं. तुमच्या हाताला जखम होती ना?"

"व्हती. पन ती भरली की आता."

"भरली तरी. हे जखमेतून आत जातं, महिना-दोन महिने गप बसतं, आणि एकदा दिसायला लागलं की जगात औषध नाही. माणूस जातोच. त्याच्या आधी सुया घेतल्या तर काही होत नाही. उद्या परतूरला चला. घरचे सगळे."

"घरचे सगळे?"

"हो. घरचे सगळे."

अण्णांचा हात, कोपरापर्यंत. मी सांगितलं म्हणून. मी माझ्या बापाला मारलं असेल तर?

१३ सप्टेंबर

परतूरच्या सरकारी दवाखान्यात अण्णा, आई आणि मी. केसपेपरवर तीन नावं: राधेश्याम, दैवशाला, अर्पिता. अण्णांना सुईची भीती वाटते हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. शिंगऱ्याच्या शिंगांपुढं उभा राहणारा माणूस दंडावरची बाही वर करताना घामेजला. "बारीक सुई हाय ना?" नर्सला चारदा विचारलं. आम्ही भांडलो, मी ओरडले, आई मध्ये पडली, शेवटी बसले.

मी त्यांचा हात पकडून दातांच्या खुणा शोधल्या. तळव्यावर दोराचा वळ आहे, दात कुठं दिसत नाहीत. पण बैलाला वर पुढचे दात नसतातच, आणि महिनाभरात खरचटलेलं भरूनही येतं.

डॉक्टरांनी विचारलं, "अजून कोणाला लाळ लागली का?"

"घरचे सगळे आलेत," मी म्हणाले. अण्णा काहीतरी बोलणार होते, पण मला सुटकेची घाई झाली होती. मी कागद पुढं सरकवला, "इथं सही करा."

आता सोळाला, वीसला आणि शेवटची अकरा ऑक्टोबरला. मी तीन तारखांना तीन गजर लावलेत.

२० सप्टेंबर

तिसरी सुई झाली. आज मी पोटभर जेवले.

आई फोनवर सांगत होती, "धुळाजीनं इचारलं, सगळे सारखे परतूरला काहून जाऊन राह्यले? मी म्हन्लं, काही न्हाई, पोरीच्या कॉलेजातलं येड हाय." आम्ही दोघी खूप हसलो. वेड तर वेड. माझा बाप जगणार आहे आणि ते माझ्यामुळं.

बेबीनंदा म्हणते मी झोपेतसुद्धा हसते हल्ली.

२ ऑक्टोबर, दसरा

घरी. सकाळी सगळे जांब समर्थला जाऊन आलो, आईनं अण्णांसाठी नवस बोलला होता.

दुपारी धुळाजीमामा आपट्याची पानं घेऊन आले. दरवर्षी पहिलं सोनं ते मला देतात. आज पान देताना उजवा हात सारखा खाजवत होते. "मुंग्या येऊन राह्यल्या हातात, दोन दिसांपासून," म्हणाले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर चेहरा फिरवला. मी पंखा लावला, तसे दचकून उठलेच. डोळे लाल.

मी चिडवलं, "काय मामा, दसऱ्यालाच घेतली का?"

त्यांनी खाली बघितलं. "न्हाई बाई. माळ हाय माझ्या गळ्यात. घसा धरलाय नुस्ता."

मी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

जेवताना माझं लक्ष अण्णांच्या घशाकडे. दोन तांबे पाणी प्यायले. मी प्रत्येक घोट खाली उतरताना बघितला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आठला बायनामामी आरडत वाड्यावरून, म्हणजे त्यांच्या मेंढ्यांच्या कुंपणावरून, पळत आल्या. कपाळ फुटलेलं, पदर रक्तानं भिजलेला.

"पोरी, चल गं! त्याला काय झालं बघ. मेंढरं तोडून राह्यला! मी धरायला गेल्ते तं मलाच चावला!"

अण्णा काठी घेऊन धावले, मागून मी. लोक गोळा होतच होते. कुंपणाच्या आत मामा उभे होते, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. तीन मेंढ्या कापलेल्या पडल्या होत्या, चौथी मान अर्धी तुटून फिरत होती. स्वतःच्या मेंढ्या. प्रत्येकीला नाव आहे. मामा थुंकत होते, लाळ हनुवटीवरून छातीवर आलेली. कोणी जवळ सरकलं की कुऱ्हाड फिरायची.

"पिऊन आलाय," कुणी म्हणालं. "वारं शिरलंय," दुसरा म्हणाला. "जल्दी पाडा त्याला, मानसं मारल," तिसरा.

पहिला दणका अण्णांचा. गुडघ्यावर. मामा कोसळले, कुऱ्हाड उडाली, आणि मग सगळे. पाठीत, बरगड्यांत, दंडावर. तीच माणसं, त्याच काठ्या. मामा पुढच्या दोन हातांवर ओढत

असं लिहायचं नाही. माणसाला पुढचे हात नसतात. मामा दोन्ही हातांवर ओढत कुंपणापर्यंत गेले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, ते मी ऐकलं. मी नावं घ्यायला लागले. अंतःप्रकोष्ठास्थी, बहिःप्रकोष्ठास्थी. उभी राहून नावं घेतली मी.

त्यांना ओढत आमच्या गोठ्यात आणलं आणि खांबाला बांधलं. हाताशी होती ती शिंगऱ्याची साखळी. मामा डोकं आपटत होते.

"डोक्यावर पानी वता," अण्णा म्हणाले. "उतरल सगळी."

शेजारच्या बबलूनं हौदातली बादली उचलली. पाणी अजून बादलीतच होतं, नुसतं डुचमळलं. मामांनी ते बघितलं आणि त्यांच्या मानेच्या सगळ्या शिरा वर आल्या. तोंड उघडलं, घसा आत ओढला गेला आणि आवाज आला. तोच आवाज. याच गोठ्यात, याच खांबापाशी ऐकलेला.

"थांबा!" मी मध्ये पडले. बादली लाथाडली. "कोणी हात लावू नका! मारू नका रे, मारू नका!"

मग मी अण्णांकडं वळले. "शिंगऱ्याच्या तोंडात हात कोणी घातला होता?"

"आँ?"

"सतरा ऑगस्टला. मी फोनवर सांगितलं, हात घालून बघा. कोणी घातला?"

अण्णांना माझा प्रश्नच समजेना. "कोनी म्हन्जी? धुळाजीनं. माझा हात जातो का तिथं?"

५ ऑक्टोबर

जालन्याच्या दवाखान्यात एका कोपऱ्यातली खोली दिली आहे. खिडकीला चादर लावलीय, पंखा बंद. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, जे मला माहीत होतं. "एक-दोन दिवस," म्हणाले. "आणि हे मारल्याचे वळ कसले?"

"आम्ही मारलं," मी म्हणाले.

दुपारी मामा शुद्धीवर आले. या रोगात मधूनच माणूस अगदी पहिल्यासारखा होतो, तक्त्यात लिहिलं होतं. हातपाय पलंगाला बांधलेले. मला ओळखलं.

"पोरी, लांब बस. लाळ लागल."

मी लांब बसले. दारात. मग सगळं एकदम सांगून टाकलं, रडत रडत. "मामा, मी सांगितलं होतं हात घालायला. माझ्या सांगण्यावरून झालं हे. आणि सुया होत्या, मामा. तीन आठवड्यांआधी सुया होत्या, आम्ही सगळ्यांनी घेतल्या. मला वाटलं अण्णांनी हात घातला. मी विचारलंच नाही."

त्यांनी नजर छताकडे फिरवली. मला वाटलं शुद्ध परत गेली.

"अडलं म्हन्ल्यावर हात घालूनच बघावं लागतं. बराबर सांगितलं तू," म्हणाले. "पन काही न्हव्हतं बघ घशात. मी राधेश्यामरावला तव्हाच म्हन्लं, बिलकुल काही न्हाई. दुसरं काहीतरी हाय, पोरीला इचार."

"अण्णांनी ते सांगितलं नाही."

"इसरला आसंल." मग म्हणाले, "मेंढरं किती राह्यली?"

"सव्वीस."

"कोनी तोडली?"

मी म्हणाले, "लांडगा आला होता मामा." तेवढ्यात कोणीतरी बाहेरचं दार उघडलं, वारा आत आला आणि त्यांचा घसा ओढला गेला. पलंग हलत हलत भिंतीपर्यंत सरकला. मोडलेल्या मनगटाचा त्यांनी पट्ट्यातून पार चुरा केला. दोन माणसं त्यांच्यावर बसली. मी दारात उभी राहिले. या वेळी मला एकही नाव आठवलं नाही.

६ ऑक्टोबर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेले.

बायनामामींना चावा होता, त्यांना काल जखमेभोवतीच्या आणि आज दंडातल्या सुया. मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. सुई झाल्यावर विचारलं, "तुझ्या अण्णाला किती दिल्या?"

"तीन. चौथी राहिलीय."

"मंग त्यातली एक हिकडं दिली आसती तं?"

असं नसतं मामी, एकाची दुसऱ्याला चालत नाही, असं मी म्हणणार होते. नाही म्हणाले.

घरी आल्यावर अण्णा गोठ्यात बसलेले. काठी त्यांनी मोडून चुलीत घातली होती. मी समोर बसले.

"तू घरचे सगळे म्हन्लीस," म्हणाले.

"तुम्ही दवाखान्यात काहीतरी बोलणार होतात."

"व्हतो."

"काय?"

"धुळाजीचं. मंग तू कागद पुढं केला. मंग वाटलं, त्याला काय व्हतंय, त्याचा जलम गेला जनावरांत." अण्णा रडत नव्हते. रडले असते तर मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. "अन् खरं सांगू का? त्याला घेऊन जायचं म्हन्जी त्याच्या मेंढरांकडं दिवसभर कोन बघल, ह्ये बी वाटलं."

११ ऑक्टोबर

गजर वाजला. अण्णा येत नाही म्हणाले. मी आणि आईनं दोन्ही बाजूंनी दंड धरून नेलं. त्यांनी सुईकडे बघितलं नाही, चारदा विचारलंही नाही. नर्स म्हणाली, "झालं, आता भ्यायचं कारण नाही."

१४ ऑक्टोबर

परभणी. बेबीनंदाला सगळं सांगितलं. मग धर्मराज सरांकडे गेले. त्यांनी मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं, म्हणजे मीच थांबले नाही. शेवटी म्हणाले, "लिहून काढ. आधी मराठीत. पुढच्या पोरांना वाचून दाखवू. तुझं नाव गाळायचं तर गाळ."

दुपारपासून लिहितेय. पहिलं वाक्य झालं, 'बैलाच्या तोंडात हात घालण्यात आला.' खोडलं. दुसरं, 'बैलाच्या तोंडात हात घातला.' मराठीत हे पूर्ण वाक्य आहे, व्याकरणात काही चूक नाही, फोनवर मला हेच ऐकू आलं होतं. तेही खोडलं. मधली कोरी पानं संपत आलीत. पान उलटलं की पलीकडे गायीच्या कवटीची माझीच आकृती दिसते.

आज हे राहिलं:

हात घालायला अर्पिताने सांगितलं. बोलावणं राधेश्यामने पाठवलं. हात धुळाजीने घातला. लस राधेश्यामने, दैवशालाने आणि अर्पिताने घेतली.